भगिनी नव्हे, बायको

चौऱ्याण्णव सालापर्यंत माळसांगवीत तबीथा मकासरेला कुणी भांडखोर म्हटलेलं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी पाळकाची बायको म्हणून ती या गावात आली, तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक शिलाई मशीन होतं. सुप्यापासून आत दहा किलोमीटर माळावर काळ्या दगडाचं चर्च, शेजारी पाळकाचं दोन खोल्यांचं घर, मागं एक हापसा. ख्रिस्ती घरं साठ-पासष्ट, बहुतेक पावसावरच्या शेतीतली, काही मास्तरकीतली. त्या घरांतल्या पोरींना तबीथानं शिवण शिकवलं, बाळंतिणींचे शेक-शेगडी केले, दर मंगळवारी भगिनी मंडळाची बैठक घेतली. तिची आई बनुबाई पाथर्डीच्या भागात सुवार्तेचं काम करत गावोगाव पायी हिंडलेली. त्यामुळं मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, बोलणी खाणं आणि पचवणं हे तबीथाला लहानपणापासून ठाऊक होतं.

नवरा शांतवन मकासरे उंचापुरा, हळू बोलणारा माणूस. गाताना मात्र असा आवाज लावायचा की पेटीवाला सूर शोधत मागून यायचा. रविवारचा उपदेश तो शनिवारी दुपारी आधी तिला ऐकवायचा. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "मधलं लांबलंय हो. म्हातारी माणसं पेंगतील." तो मुकाट्यानं मधलं कमी करायचा. कधी ती म्हणायची, "हे चांगलं जमलंय," तेव्हा त्याला इतका आनंद व्हायचा की तो उठून स्वतःच चहा टाकायचा. लेक एंजल दहा वर्षांची. तिला वाटायचं, सगळ्याच घरांत उपदेश असेच तयार होत असणार.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात मंडळीचे मुख्य पंच भिमाजी उजागरे यांचा धाकटा मुलगा प्रशांत मेंदूज्वरानं आजारी पडला. नगरला कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा पोरगा. चार दिवस दवाखान्यात होता. शांतवन चारही दिवस अन्नपाणी सोडून त्याच्या उशाशी बसला आणि प्रार्थना करत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी पोरगं गेलं. पुरून झाल्यावर, मुठीतली माती अजून झटकलीही नव्हती तोवर, भिमाजीअण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेत जोर न्हाई."

त्या दिवसापासून शांतवननं गाणं सोडलं. तबीथानं चार-दोन वेळा विषय काढून पाहिला, पण तो उठून बाहेर जायचा.

पुढं जानेवारीत केडगावच्या मैदानावर तीन दिवसांची मोठी सभा भरली. मुंबईहून ब्रदर नोहा म्हणून कुणी वक्ता आला होता. पांढराशुभ्र पोशाख, दोन कर्णे, माणसांची ही गर्दी. तबीथा एंजलला घेऊन पहिल्या दिवशी गेली होती. ब्रदर नोहा ओरडून सांगत होता, "सेवकाला सामर्थ्य का मिळत नाही? कारण त्याचं अंथरूण पवित्र नाही! बायको म्हणजे सेवकाच्या पंखाला बांधलेला दगड!" तबीथाला हसू आलं. शांतवनलाही आलं असेल म्हणून तिनं पुरुषांच्या बाजूला मान वळवून पाहिलं. तो मांडीवर डायरी ठेवून ते वाक्य लिहून घेत होता.

सभेहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, शांतवननं आपली खाट उचलली आणि डोक्यावर घेऊन तो चर्चकडं निघाला. तबीथा परातीत पीठ मळत होती. ती तशीच पिठाच्या हातानं दारात आली.

"अहो, खाट कुठं चालवलीत?"

"वेस्ट्रीत. आजपासून मी तिथं राहणार. मला स्वतःला देवासाठी वेगळं करायचं आहे."

"माझ्यापासून वेगळं केलं म्हणजे देवासाठी होतं का?"

"भगिनी तबीथा, या गोष्टीत थट्टा नको."

हापशावर दोन बाया पाणी भरत होत्या. त्यांनी हात थांबवले. तबीथाची कानशिलं तापली. तेरा वर्षांच्या संसारात त्यानं तिला 'अगं' म्हटलं होतं, 'तबी' म्हटलं होतं, लेकरापुढं 'तुझी आई' म्हटलं होतं. हे नाव नवं होतं.

"मी तुमची भगिनी नाही," ती मोठ्यानं म्हणाली. बायांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं. "माझा भाऊ पाथर्डी डेपोत ड्रायव्हर आहे. रंगनाथ त्याचं नाव. मला दुसरा भाऊ नाही."

तो खाट घेऊन वेस्ट्रीत, चर्चला लागून असलेल्या झगे-वह्या ठेवायच्या खोलीत, गेलाच.

तिला वाटलं होतं, हे खूळ आठ दिवसांत उतरेल. उतरलं नाही. शांतवन पांढरे कपडे घालू लागला. आठवड्यातून तीन दिवस उपास. बाकीच्या दिवशीचं जेवण दुसऱ्या घरच्या बाया वेस्ट्रीच्या खिडकीत आणून ठेवू लागल्या. शेजारची खाट रिकामी झाली त्याचं दुःख होतंच. पण तिला जास्त लागला तो शनिवार. शनिवारी दुपारी ती भाकरी थापायची आणि स्वयंपाकघरात नुसता तव्याचा आवाज यायचा. उपदेश तिला रविवारी सगळ्यांबरोबर ऐकायला मिळायचा. तो लांबायचा. म्हातारी माणसं आता पेंगत नव्हती हे मात्र खरं, कारण शांतवन ओरडायला लागला होता.

आणि माणसं यायला लागली. कुणाच्या लेकराचा ताप उतरला, कुणाच्या सासऱ्याची दारू सुटली. शिरूरहून, श्रीगोंद्याहून जीपा भरून लोक येऊ लागले. चर्चच्या पायरीवर चपलांचा ढीग लागायला लागला. भिमाजीअण्णा दारात उभे राहून येणाऱ्यांना जागा दाखवायचे आणि सांगायचे, "आमच्या पाळकानं संसार सोडला, म्हनून हे सामर्थ्य आलं." असं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते प्रशांत गेल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं. तबीथा दोन हात लांब उभी असायची. संसार सोडला म्हणजे हिला सोडली, हे सगळ्यांना कळत होतं. भगिनी मंडळातल्या बाया तिच्याशी आता दबक्या आवाजात बोलायच्या, घरात कुणी दगावल्यावर बोलतात तशा.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात तीन पंच घरी आले. पुढं अर्थातच भिमाजीअण्णा. तबीथानं सतरंजी टाकली, चहा ठेवला, एंजलला हापशावर पाठवलं.

"पाळकीनबाई," अण्णांनी सुरुवात केली, "नगरला मुलींच्या होस्टेलात मेट्रनची जागा खाली हाय. आमी बोललोय. राहायला खोली, एंजलला शाळा, समदं हुईल."

"मी अर्ज केला नव्हता अण्णा."

"तुमच्या भल्याचंच सांगतोय. तुमी हितं डोळ्यासमोर असलात की त्येंच्या साधनेत अडथळा येतो. लोकं बी इचारत्यात. नगरला न्हाई तर माहेरी जावा थोडे दिस."

"हे असं त्यांनी सांगितलं का?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. एक जण म्हणाला, "त्यांनी नाही सांगितलं. पण नको असंही म्हणाले नाहीत."

तबीथानं चहाच्या कपबश्या तिघांपुढं ठेवल्या. मग एंजलची वही आणि पेन आणून सतरंजीवर ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली. "माळसांगवीच्या पाळकानं आपली लग्नाची बायको टाकली, आणि आम्ही पंचांनी तिला घराबाहेर काढलं. खाली तिघांच्या सह्या करा. कागद हातात आला की मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते. बिशपसाहेबांना तो दाखवते आणि माहेरी बसते."

पेनाला कुणी हात लावला नाही.

"तुमी त्येंच्या आड येताय," भिमाजीअण्णांचा आवाज चढला. "आत्ता कुटं त्येंच्या प्रार्थनेला जोर आलाय. लेकरं वाचायला लागल्यात."

"अण्णा, प्रशांत गेला तो काय यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली म्हणून गेला?"

अण्णा उठले. चहा तसाच राहिला. बाकीचे दोघे कपबशी हातात धरून घुटमळले, मग तेही गेले. आपण जिथं दुखतं तिथंच बोट घातलं, हे तबीथाला दिवसभर छळत राहिलं. पण ते वाक्य परत घ्यावं असं तिला वाटलं नाही. ते कधीतरी कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

ती हलली नाही. अंगण झाडत राहिली, मंगळवारची बैठक घेत राहिली. कधी पाच बाया यायच्या, कधी दोनच.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी पारनेरकडून आलेल्या एसटीतून मरिया ससाणे चर्चच्या थांब्यावर उतरली. हातात कपड्यांची पिशवी, पाचवा महिना, डोळे सुजलेले. तिचा नवरा योहान जवळच्याच वाडीवर मास्तर होता, मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी, गायनात शांतवनचा उजवा हात. दोघांचं लग्न शांतवननंच लावलं होतं, दोन वर्षांपूर्वी.

"मी माहेरी राहुरीला चाललेय," मरिया म्हणाली. "तिकीट पुढचं काढलं होतं. पण इथं आल्यावर पायच उतरले."

"काय झालं गं?"

"हे म्हणतात, देव त्यांनाही सेवेला बोलावतोय. पाळकसाहेबांसारखं पवित्र राहायचं म्हणतात. मी घरात असले की त्यांना प्रार्थना लागत नाही म्हणे."

तबीथानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि घरात नेऊन खुंटीला अडकवली. "तू कुठंही जायचं नाहीस. आधी खा काहीतरी." मरियापुढं भाकरी आणि पिठलं ठेवलं, आणि डोक्यावर पदर घेऊन ती तडक वेस्ट्रीत गेली. सात महिन्यांत तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

शांतवन भिंतीकडं तोंड करून गुडघ्यांवर होता. केवढा वाळला होता तो! सदऱ्याच्या आत पाठीची हाडं दिसत होती.

"योहाननं बायको हाकलली. तुम्ही सांगितलंत त्याला?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही."

"मग तुमचं बघून शिकला. हे तर जास्तच वाईट झालं."

त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं. मग भिंतीकडं बघतच म्हणाला, "तबी, तुला नाही कळायचं. तो मुलगा माझ्या हातात गेला. माझा हात त्याच्या कपाळावर होता."

भगिनी म्हणाला नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती खाली फरशीवर बसली.

"मला का नाही कळायचं? मीही चार दिवस तिथंच होते. त्याची आई माझ्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. तुम्हाला रडायचं होतं तर माझ्यापाशी रडायचं. ते सोडून तुम्ही देवाला लाच द्यायला निघालात, आणि लाच कसली, तर माझी! आता योहान मरियाची देतोय. उद्या आणखी कोण कुणाची देईल?"

त्याचे खांदे हलले. तिला वाटलं, वळेल. पण तो तसाच म्हणाला, "जा, भगिनी."

ती उठली. जाताना तिनं कपाट उघडलं आणि लाल कापडी पुठ्ठ्याचं लग्नांचं रजिस्टर काखेत घेतलं. त्यानं पाहिलं, पण विचारलं नाही. त्या रजिस्टरमधलं अक्षर तसंही तिचंच होतं. तिचं वळणदार म्हणून दर लग्नाच्या दिवशी नोंद ती करायची आणि खाली सही तो करायचा.

पुढच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बाहेरगावच्या चार जीपा आल्या होत्या. उपदेश झाला, गीत झालं, सूचनांची वेळ आली. सूचनांमध्ये भगिनी मंडळाची सूचना गेली तेरा वर्षं तबीथाच द्यायची, त्यामुळं ती उठून पुढं आली तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. मग लोकांना तिच्या हातातलं रजिस्टर दिसलं.

"यात पाळकसाहेबांच्या सहीची एकेचाळीस लग्नं आहेत," ती म्हणाली. तिनं रजिस्टर वर धरून दाखवलं. "एकेचाळीस वेळा यांनी या वेदीपुढं उभं राहून सांगितलं की लग्न पवित्र आहे, देवाच्या समक्ष आहे. आता या वेदीपुढूनच असं कळतंय की बायको घरात असली की माणूस अपवित्र होतो. दोन्ही खरं असायचं नाही. तेव्हा ज्यांना आत्ताचं खरं वाटतं त्यांनी पुढं या. मी पेन आणलाय. आपलं नाव आपल्या हातानं खोडा. बायकोचं राहू द्या, ती बिचारी पवित्रच होती. योहान ससाणे, तुमचं पान अठ्ठावन्न. या."

तिनं पान उघडून रजिस्टर वेदीच्या पायरीवर ठेवलं, वर पेन ठेवला.

योहान तिसऱ्या बाकावर होता. त्यानं मान खाली घातली. बायकांच्या बाजूला मरिया उठून उभी राहिली, काही न बोलता, पोटावर हात ठेवून.

"खाली बसा!" भिमाजीअण्णा गरजले. "देवाच्या घरात बाईमानसानं ही थेरं करायची?"

"अण्णा," मागून आवाज आला. त्यांची थोरली लेक वृषाली. सासरहून सुट्टीला आलेली, कडेवर पोर, पुरुषांच्या बाजूला नवरा. "पान बावीसवर माझं नाव आहे. खोडता का तुम्ही?"

अण्णा तिच्याकडं बघत खाली बसले. शांतवन व्यासपीठाला धरून उभा होता. कुणी पुढं आलं नाही. छताजवळ चिमण्यांची किलबिल चालली होती तेवढीच.

तबीथानं दहा आकडे मोजले. मग वाकून रजिस्टर मिटलं. "मंगळवारी तीन वाजता भगिनी मंडळाची बैठक आहे," ती म्हणाली. "येताना सुईदोरा आणावा." आणि जागेवर जाऊन बसली. एंजलनं तिचा हात घट्ट धरला.

त्या मंगळवारी तेवीस बाया आल्या. त्यातल्या निम्म्यांजवळ सुई नव्हती.

पंचांनी मात्र गप्प बसायचं ठरवलं नव्हतं. मंडळीची शिस्त मोडली म्हणून तबीथाला सहा महिने प्रभुभोजन बंद, म्हणजे वेदीपुढची भाकर मिळायची नाही, असा ठराव झाला आणि तो चर्चच्या दाराला चिकटवला गेला. तिनं तो वाचला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांबरोबर पुढं जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकले. तिच्या डावीकडच्या बाईला भाकर मिळाली, उजवीकडच्या बाईला मिळाली. मधे शांतवनचा हात तिच्यावरून पुढं गेला. ती उठून परत बाकावर आली. नोव्हेंबरमध्ये तसंच. डिसेंबरमध्ये ताट धरलेला त्याचा हात तिच्यापाशी थांबला आणि पुढं गेला. लोक म्हणायचे, ही कशाला जाते अपमान करून घ्यायला? ती म्हणायची, "जेवायला बोलावणारा वेगळा आहे. वाढपी वाढत नसेल तर पंगतीतून मी का उठू?"

योहान एव्हाना ताळ्यावर आला होता. रजिस्टरच्या रविवारनंतर चौथ्या दिवशी तो तबीथाच्या दारात आला आणि मरियाची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून तिला घेऊन गेला. नाताळच्या आधी त्यांना मुलगा झाला. बाळाला आशीर्वाद द्यायला शांतवन गेला, तेव्हा योहाननं बाळ त्याच्या हातात दिलं आणि अगदी साधेपणानं, शिष्यानं विचारावं तसं विचारलं, "पाळकसाहेब, मी घर सोडून पवित्र झालो असतो, तर हे लेकरू काय ठरलं असतं?" मरियानं हे नंतर तबीथाला सांगितलं. शांतवन बाळाकडं बघत राहिला म्हणे, आणि आशीर्वादाचे शब्द त्याला आठवेनात.

नाताळनंतर दोन दिवसांनी, तबीथा अंगणात मिरच्या वाळत घालत होती तेव्हा, शांतवन डोक्यावर खाट घेऊन आला. पायरीपाशी थांबला.

"मी परत येऊ का?"

उठून खाटेचं एक टोक धरावं असं फार वाटलं. वाळलेला, खचलेला, तिचाच माणूस. पण ती उठली नाही.

"नको," ती म्हणाली. "भगिनी मला तुम्ही चारचौघांत म्हणालात. बायकोसुद्धा चारचौघांत म्हणा. चुपचाप खाट आत आणली तर उद्या लोक म्हणतील, पाळक मोहात पडला. मला मोह व्हायचं नाही. मी तुमची बायको आहे."

तो खाट घेऊन परत गेला. त्या दिवशी एंजल आईशी बोलली नाही. तबीथानं मिरच्या दोनदा खालीवर केल्या आणि डोळ्यांतलं पाणी मिरच्यांच्या नावावर खपवलं.

त्याला पाच आठवडे लागले. जानेवारीतही त्याचा हात पुढं गेलाच. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कापणीचा सण होता. वेदीपुढं ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, कांद्याच्या गोण्या. प्रभुभोजनाला तबीथा कठड्यापाशी गेली, गुडघे टेकले. शांतवन तिच्यापुढं आला आणि थांबला. मग वर बघून, पूर्वीच्या त्या हळू आवाजात, पण शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं बोलला.

"ही तबीथा. माझी बायको. मी हिला तुमच्यासमोर दुसऱ्या नावानं हाक मारली, ते पाप माझं. प्रशांत गेला, आणि तो का गेला हे मला माहीत नाही. माझ्या प्रार्थनेत तेव्हा जोर नव्हता, आजही नाही. जोर देवाचा असतो. मी तो हिच्या जिवावर विकत घ्यायला गेलो."

त्यानं भाकर मोडली आणि तिच्या हातावर ठेवली. ठराव अजून दाराला चिकटलेला होता.

भिमाजीअण्णा उठून बाहेर गेले. त्यांच्यामागं पंधरा-वीस माणसं गेली. तबीथानं डोळे मिटून भाकर खाल्ली. उपासना सुटल्यावर सगळ्यांदेखत खाटेचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं, आणि वेस्ट्रीतून घरापर्यंत ती दोघांनी मिळून नेली.

याची किंमत मोजावी लागली. जीपा यायच्या बंद झाल्या. पंचांचा ठराव मोडला म्हणून पाळकाविरुद्ध नगरला बिशपसाहेबांच्या कचेरीत अर्ज गेले, आणि मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. पाथर्डी तालुक्यातलं पिंपळखडी. त्या भागातलं सगळ्यात लहान चर्च, बावीस घरांची मंडळी. त्यातली बहुतेक दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. ही शिक्षा आहे हे सांगायची कुणाला गरज नव्हती. एंजलला नगरच्या होस्टेलात ठेवावं लागलं. त्या दिवशी मात्र तबीथा फाटकाबाहेर रस्त्यात बसून रडली. माळसांगवीतून निघताना वृषालीनं येऊन टेम्पोत कांद्याची गोणी टाकली. भिमाजीअण्णा आले नाहीत. टेम्पो त्यांच्या मळ्यावरून गेला, तेव्हा ते विहिरीपाशी पाठमोरे उभे होते. शांतवननं टेम्पो थांबवायला लावला, खाली उतरला आणि त्यांना हाक मारली. ते वळले नाहीत. शांतवन थोडा वेळ बांधावर उभा राहिला आणि परत येऊन बसला.

पिंपळखडीत पहिल्याच आठवड्यात कडूबाई म्हणून एक म्हातारी भेटायला आली. चाळीस हंगाम ऊस तोडलेली, हाताची बोटं वाकडी झालेली. माळसांगवीची गोष्ट तिच्या कानावर आधीच आली होती.

"बाई, ते खरं हाय का? तुमच्या मालकानं तुमाला सोडलं हुतं, देवापायी?"

"सोडलं होतं. आता धरलंय."

कडूबाई खो खो हसली. "आमच्यात नवरा-बायकूला मिळून एक कोयता म्हंत्यात. एकला मानूस म्हंजी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम इचारत न्हाई. देव कशाला इचारील?"

शांतवन ओट्यावर बसून ऐकत होता. तो शनिवारचा उपदेश त्यानं तिथंच लिहायला घेतला, आणि तबीथानं त्यातलं मधलं निम्मं कमी करायला लावलं.

दिवाळी झाली. टोळ्या निघायला लागल्या. कडूबाई चर्चची किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, आता सहा महिने गाव रिकामं, तुम्ही दोघं नगरला लेकीजवळ जाऊन राहा, आधीचे पाळक असंच करायचे. तबीथानं शांतवनकडं पाहिलं.

"मंडळी कारखान्यावर आणि पाळक नगरला?" ती म्हणाली. "मग इथं कशाला आलो? आमची भांडी पण टाका ट्रॉलीत."

ती दोघं टोळीबरोबर गेली. नगर जिल्ह्यातल्याच एका कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाची कोपी बांधून राहिली. शांतवन पहाटे गाडीवानांबरोबर फडात जायचा आणि मोळ्या बांधू लागायचा, दुपारी लेकरांना अक्षरं शिकवायचा. रविवारी कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उपासना व्हायची, आणि तिथं तो पुन्हा गायला. पहिल्या दिवशी त्याचा आवाज फुटेना. तबीथानं ओळ धरली, मग त्यानं उचलली. वेगळ्या जातीधर्माची माणसंसुद्धा कोयते टेकवून ऐकत उभी राहिली.

हे नगरला कळायला वेळ लागला नाही. जानेवारीत कारखान्याच्या पत्त्यावर एक पत्र आलं. कुठल्याशा कमिटीचं होतं. दीक्षा घेतलेल्या पाळकानं मजुरांच्या तळावर, उघड्यावर, पत्नीसह अशा अवस्थेत राहणं हे पदाच्या पावित्र्याला शोभत नाही. किमान निवासाची व्यवस्था स्वतंत्र असावी. खुलासा करावा.

शांतवननं पत्र वाचलं आणि डोकं धरून बसला. "काय लिहू गं यांना?"

"तुम्ही राहू द्या," तबीथा म्हणाली. "माझं अक्षर चांगलं आहे."

तिनं पेटीतून एक पोस्टकार्ड काढलं, उलट्या पातेल्यावर ठेवलं आणि लिहिलं:

'सलाम. आपलं पत्र मिळालं. कोपी सहा हात लांब आणि पाच हात रुंद आहे. तिच्यात एकच अंथरूण बसतं. स्वतंत्र व्यवस्था करायला जागा नाही आणि आमची इच्छाही नाही. पाळकसाहेबांची तब्येत सुधारली आहे. रविवारी दोन बाप्तिस्मे आणि एक लग्न आहे, सवड असल्यास यावं. आपली, सौ. तबीथा शांतवन मकासरे.'

शांतवननं ते दोनदा वाचलं. मग तिच्या हातून पेन घेऊन तिच्या सहीखाली स्वतःची सही केली, आणि कारखान्याच्या गेटवरच्या पोस्टाच्या पेटीत टाकायला स्वतःच गेला.